चौदावी ओळ

विद्यापीठाच्या ग्रंथालयात जिन्याखाली एक खोली आहे. पूर्वी तिथे झाडू आणि बादल्या ठेवत. मग कुणीतरी झाडू बाहेर काढले आणि माझ्या मावशीला आत बसवलं. दारावर पाटी लागली, ‘तांत्रिक पडताळणी कक्ष’. खोलीचं छत जिन्याबरोबर उतरत जातं, त्यामुळे मोठ्यातला मोठा प्राध्यापकसुद्धा मावशीच्या टेबलाशी पोचेपर्यंत कमरेत वाकलेला असतो. मावशीला हे मनापासून आवडतं. दोनदा तिला वरच्या मजल्यावर उजेडाची खोली देऊ केली होती. दोन्ही वेळा तिनं दुखरा गुडघा पुढे केला.

काम असं, की विद्यापीठातून कुठलाही पेपर कुठल्याही जर्नलकडे जायचा असेल, तर आधी त्याच्या फॉर्मवर मावशीची सही लागते. पेपर हुशार आहे की मठ्ठ, हे ती बघत नाही. ते बघायला जर्नलवाले बसलेत. ती बघते ते इतकंच, की मजकुरात आकृती आठ म्हटलंय तर आकृती आठ आहे का, आलेखाच्या उभ्या रेघेवर एकक लिहिलंय का, तक्त्याची बेरीज जुळते का, तिसाव्या संदर्भानंतर एकतिसावाच येतो का. असल्या चुका दिसल्या की जर्नलवाले पेपर न वाचताच परत धाडतात. एका वर्षी असे लागोपाठ अकरा पेपर परत आले आणि विद्यापीठाची पार शोभा झाली, तेव्हा ही जागा निर्माण झाली. संशोधक मंडळी मावशीला पाठीमागे ‘नाकाबंदी’ म्हणतात. तोंडावर ‘मॅडम’ म्हणतात, तेही जरा वाकूनच.

मी तिची भाची, तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून सात वर्षं तिच्याच घरी राहिले. तिच्या हातचं जेवले, तिची बोलणी खाल्ली, तेव्हा तिच्याबद्दल वाटेल ते बोलायचा हक्क मी कमावलाय. शिवाय आता मी नगरपालिकेच्या उद्यान खात्यात बागांची माती तपासते. विद्यापीठात माझं काही अडत नाही, म्हणून मोकळेपणानं सांगते.

मावशीचं शिक्षण वाणिज्य शाखेचं. विज्ञान तिनं शाळेतच सोडलं, आणि विज्ञानानंही फारसं वाईट वाटून घेतलं नाही. मग ती पेपर कसे तपासते? शेवटून. आधी संदर्भसूची, मग आकृत्या, मग तक्ते, मग सुरुवातीचा नावगावाचा कागद. मधला मजकूर ती वाचतच नाही. “मधलं तुमचं,” असं ती म्हणते, आणि ज्या सुरात म्हणते त्यावरून ते मधलं काय लायकीचं असतं याबद्दलचं तिचं मतही कळतं. सगळं ती कागदावर छापून घेते. हातात स्टीलची पट्टी, भिंग, आणि एका टोकाला लाल नि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. लाल म्हणजे चूक. निळी म्हणजे चूक नाही, पण मला आवडलं नाही.

मोजणीसाठी तिच्याकडे बटणांचा डबा आहे. काका, म्हणजे तिचा नवरा, शिंपी. दुकानातली उरलीसुरली बटणं तो तिला आणून देतो. पेपरात नव्वद रोगी म्हटले की ही टेबलावर नव्वद बटणं मांडते. मग तक्ते उघडून बरे झालेले एका बाजूला, न झालेले दुसऱ्या बाजूला, मेलेले बशीत. शेवटी टेबलावर बटण उरलं किंवा कमी पडलं, की खुर्चीवरच्या डॉक्टरला घाम फुटतो. संगणकावर हे दोन मिनिटांत होतं, असं एका पोरसवदा प्राध्यापकानं तिला समजावून सांगायला घेतलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्याच्याच तक्त्याची बेरीज एकशे चार टक्के होते हे दाखवलं. “हे चार टक्के लोक दोनदा आजारी पडले का हो?” त्यानंतर तो संगणकाबद्दल बोलला नाही.

तिनं पकडलेल्या चुका ऐकल्या की विद्वान माणसांबद्दल वाटणारी भीती कायमची जाते. एका कीटकवाल्याच्या फोटोखाली लांबीची रेघ होती, तिच्यावर मिलिमीटरच्या जागी मीटर पडलं होतं. मावशीनं पट्टी लावली, हिशेब केला आणि म्हणाली, “चार मीटरचा पंख होतोय. किडा कुठे ठेवलाय तुम्ही?” एका पेपरात कंसात वाक्य राहून गेलं होतं, ‘इथे त्या म्हाताऱ्याचा संदर्भ घाला, नाहीतर तो पेपर पाडेल.’ पेपर तपासायला त्याच म्हाताऱ्याकडे जाणार होता. आणि एक फार बडे प्राध्यापक होते. त्यांच्या जर्नलचा नियम असा, की पेपर कुणाचा आहे ते परीक्षकाला कळता कामा नये. त्यांनी स्वतःचं नाव सगळीकडून खोडून काढलं आणि शेवटी आभारात ‘गेली तीस वर्षं मला सहन करणाऱ्या माझ्या पत्नीस’ म्हणत तिचं पूर्ण नाव, पदवीसकट, छापलं. मावशीनं भिंगावरून वर बघितलं. “सर, तुम्ही पलंगाखाली लपलात आणि बाईंना दारात उभं केलंत.”

घरीही तीच तऱ्हा. औषधाच्या पुडीतला पातळ कागद ती पूर्ण वाचते. एकदा त्यात आकृती दोनचा उल्लेख होता आणि आकृती दोन नव्हती, तर तिनं कंपनीला पत्र घातलं. आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाटी आहे, आठ माणसं, पाचशे चव्वेचाळीस किलो. तिनं भागाकार करून माणशी अडुसष्ट काढले, आणि तेव्हापासून स्वतः लिफ्टमध्ये शिरली की जाहीर करते, “माझे दोन धरा, आता आत आणखी सहाच जण.” शेजारी जिन्यानं जातात. काका बिचारा दिवसभर दुकानात दुसऱ्यांची मापं घेतो आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचं माप काढून घेतो.

एवढं सगळं असूनही मला ती आवडायची. हे कबूल करायला मला त्रास होतो, पण आवडायची. माझी बारावीची मार्कशीट तिनं आरशाला चिकटवली होती, अर्थात आधी बेरीज करून.

आता माझ्या पेपराकडे येते. माझं संशोधन मातीत होतं, अगदी शब्दशः. आमच्या सरांनी शेवाळापासून एक खत बनवलं होतं. ते घातल्यावर घेवड्याचं रोप जास्त उंच होतं का, हे मला बघायचं होतं. अठ्ठेचाळीस कुंड्या घेतल्या. चोविसांत खत, चोविसांत नुसती माती. प्रत्येकीवर पांढऱ्या रंगानं नंबर. दहा आठवडे मी पट्टी घेऊन त्या रोपांपुढे बसत होते. सगळी रोपं शहाण्यासारखी वागली, खतवाली उंच झाली, बिनखतवाली बुटकी राहिली. एकटी कुंडी नंबर एकतीस बिघडली. तिच्यात नुसती माती होती, आणि तिच्यातलं रोप सगळ्या अठ्ठेचाळिसांत उंच गेलं. साधंसुधं नाही, छताच्या दिशेनं निघालं.

त्या एका कुंडीनं माझी गणितं मोडली. तक्त्यात ज्या फरकाला मान असतो त्याच्या डोक्यावर एक छोटा तारा असतो. एकतीस धरली की तारा जायचा, सोडली की यायचा. सर म्हणाले, “शंभरांत एखादी कुंडी वेडी निघते. वेड्याचं मत कुणी घेतं का?” मी म्हटलं, शंभर कुठे, अठ्ठेचाळीसच आहेत. ते म्हणाले, “तुझ्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण कधी आहे?”

ते शुक्रवारी होतं. शुक्रवारी पाच वाजायच्या आत पेपर जर्नलकडे गेल्याची पावती दाखवली तर आणखी दोन वर्षं, नाहीतर सोमवारी सामान उचलायचं. अटींचा कागद मला पाठ होता. पेपर गेलाच पाहिजे, आणि पुढे कधी त्याचा निष्कर्ष बदलावा लागला तर शिष्यवृत्ती त्याच दिवशी बंद. मी एकतीस नंबर खोडला. खोडताना फार वाईट वाटलं असं सांगायला मला आवडलं असतं. मला हायसं वाटलं.

शुक्रवारी सव्वातीनला मी मावशीच्या खोलीत वाकून शिरले. नातं वगैरे तिथे चालत नाही, मला माहीत होतं. तिनं “बसा” म्हटलं, मला, जिला ती सकाळी “डबा विसरू नकोस गं भवाने” म्हणाली होती. संदर्भसूचीत दोन लाल खुणा केल्या. एका आलेखावर एकक नव्हतं, ते मी तिथेच घातलं. मग तिनं डबा उघडला आणि अठ्ठेचाळीस बटणं मांडली.

मी पद्धत लिहिताना अठ्ठेचाळीस लिहिलं होतं आणि तक्त्यात सत्तेचाळीस. इतक्या वर्षांत तिच्या हाताखालून गेलेल्या गाढवांना मी हसले होते, आणि मी स्वतः तेच केलं होतं. तिनं चोवीस बटणं डावीकडे सरकवली, तेवीस उजवीकडे. एक शर्टाचं पांढरं बटण मधेच राहिलं.

“एक उरलं,” ती म्हणाली.

“अगं, एक कुंडी वगळली.”

“मग तसं लिहा. आणि कारण लिहा. वगळलेल्याला कारण लागतं, सातवी ओळ.”

तिच्या फॉर्ममध्ये तेरा ओळी होत्या. मी समोरचा पाण्याचा पेला उचलला, प्यायले आणि लिहिलं, ‘एक कुंडी फुटल्यामुळे वगळण्यात आली.’

मावशी त्या वाक्याकडे बघत नव्हती. पेल्याकडे बघत होती. लहानपणापासून मी खोटं बोलण्याआधी पाणी पिते, हे आईला माहीत नाही, हिला माहीत आहे.

“कधी फुटली?”

“झाला महिना.”

“कुणाच्या हातून?”

“अशीच. वाऱ्यानं.”

“काचेच्या खोलीत वारा,” ती म्हणाली, आणि उठली. टेबलाखालून छत्री काढली. “चल.”

ज्या बाईनं गुडघ्यापायी वरचा मजला नाकारला, ती भर दुपारी छत्री घेऊन निघाली. काचघर विद्यापीठाच्या दुसऱ्या टोकाला, मैदानापलीकडे. पुढे ती, लंगडत, आणि मागे मी. वाटेत जो तो थबकून बघत होता. मावशीला कुणी खोलीबाहेर बघितलंच नव्हतं. त्या पंखवाल्या कीटकशास्त्रज्ञानं तर आमच्याकडे बघून रस्ताच बदलला. मधेच फोन वाजला. आई. मी तिला सकाळीच सांगून ठेवलं होतं की आज मावशीची सही मिळायची आहे.

“झाली का सही?”

“अजून नाही. आम्ही चाललोय.”

“कुठे चाललाय? तिला फोन दे बघू.” मी दिला. आईचा आवाज मला बाहेरून ऐकू येत होता. “अगं, घरच्या पोरीची एक सही करायला तुझं काय जातंय? पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे!”

“ताई, मी चालतेय. दम लागतो,” मावशीनं म्हटलं आणि फोन बंद करून मला परत दिला.

काचघरात माळी झारीनं पाणी घालत होता. मावशीनं त्याच्याशी एक शब्द न बोलता कुंड्या मोजायला घेतल्या. बटणं नव्हती म्हणून छत्रीच्या टोकानं. सत्तेचाळीस रांगेत होत्या. मग तिनं दाराआड बघितलं. खताच्या पोत्यांमागे मी स्वतः ढकललेली एकतीस नंबरची कुंडी तिथे होती, धडधाकट, साधी चीरही नाही. रोप पोत्यांवरून मान काढून खिडकीपर्यंत गेलं होतं. त्याला कुणीतरी प्रेमानं बांबू बांधला होता.

“मीच बांधला,” माळी म्हणाला. “सगळ्यांत गुणी पोर आहे ही. कोपऱ्यात का टाकलीय कोण जाणे.”

आणि मग मी जे केलं ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी त्याच्याजवळ गेले आणि विचारलं, “काका, तुम्ही हिला काही घातलं होतं का? खत वगैरे?”

“नाही बाई. सर ओरडतात.”

“थोडंसं? चहाचा चोथा?”

“छे.”

“आठवून बघा ना. एखाद्या दिवशी. कपात उरलेला चहा तरी?”

त्यानं खरंच आठवून बघितलं. भला माणूस. “सगळ्यांना पाणीच. एकाच नळाचं,” म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघून जरा ओशाळला, जणू त्याच्याकडून मला द्यायचं काही राहून गेलं होतं.

मावशी कुंडीपुढे उभी होती. मातीला बोट लावून बघत होती. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोलली असती तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते. तिनं इतकंच विचारलं, “हिचं काय चुकलं?”

“ती खताशिवाय वाढली,” मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर तिला दोनदा बसावं लागलं. खोलीत पोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. तिनं फॉर्म पुढे ओढला. मी म्हटलं, मावशी. ती म्हणाली, “थांबा, मला मोजू द्या.” ती एकेका ओळीवर पेन्सिल टेकवत खाली आली. निळी नाही, लाल नाही, नुसती टेकवत.

“पद्धतीत अठ्ठेचाळीस. वगळली एक. तक्त्यात सत्तेचाळीस. जुळतंय. कारण द्यायला हवं, दिलंय. तेराच्या तेरा ओळी बरोबर आहेत.” तिनं पेनाचं टोपण काढलं. “कारण खरं आहे का, अशी ओळ माझ्या फॉर्मवर नाही. मी कागद तपासते. काचघरात जायचं मला काही काम नव्हतं.”

आणि तिनं सही केली. तारीख घातली, वेळ घातली, चार वाजून अडतीस मिनिटं. फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि टेबलावरची बटणं गोळा करायला लागली.

मी पेपर पाठवला. चार पन्नासला पावती आली.

शिष्यवृत्ती मिळाली. चार महिन्यांनी पेपर छापून आला, ताऱ्यासकट. सरांनी विभागात केक कापला. आईनं नातेवाइकांना फोन केले आणि प्रत्येकाला सांगितलं की माझ्या बहिणीनं फार मदत केली हो. मावशी घरी जशी होती तशीच होती. डबा भरत होती, लिफ्टमध्ये माणसं मोजत होती. भवाने म्हणायचं मात्र तिनं बंद केलं. नावानं हाक मारायची, नीट, पूर्ण नावानं. काकानं एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, “काय गं, तुमचं काही झालंय का?” मी नाही म्हटलं. पाणी न पिता म्हटलं, मोठी होत होते मी.

त्याच सुमाराला फॉर्मवर चौदावी ओळ आली. ‘वगळलेली वस्तू वा नोंद पडताळणाऱ्याने प्रत्यक्ष पाहिली: होय / नाही.’ कुलसचिवांनी तिला मंजुरी कशी दिली कोण जाणे. बहुधा न वाचताच दिली असेल. विद्यापीठात हाहाकार उडाला. प्राणिशास्त्राचा माणूस बुटांच्या खोक्यात उंदीर घेऊन जिन्याखाली हजर झाला. उंदीर मेलेला होता आणि वगळण्याचं कारणही तेच होतं. खगोलवाल्यांनी एका ताऱ्याची एक नोंद गाळली होती. तारा दाखवता येत नाही म्हणून ते तीन दिवस वाद घालत होते. शेवटी यंत्राची मूळ फीत आणून दिली, ती मावशीनं टेबलावरच्या दिव्यासमोर धरून बघितली. समाजशास्त्राच्या एका बाईनं तर कमाल केली. त्यांनी ज्या गृहस्थांची उत्तरं ‘विसंगत’ म्हणून काढून टाकली होती, त्या गृहस्थांनाच घेऊन आल्या. ते मावशीसमोर स्टुलावर बसले आणि अर्धा तास मोठ्यानं विचारत राहिले, की मी विसंगत आहे असं कोण म्हणतं.

कँटीनमध्ये दुसरा विषयच नव्हता. “कुठल्या गाढवानं काय केलं म्हणून ही ओळ आली?” असं जो तो विचारायचा. मीही विचारायचे. सगळ्यांत मोठ्यानं हसायचे मी.

पुढच्या वर्षी माझा दुसरा पेपर तयार झाला. हा मातीतल्या ओलाव्याचा, साधा, सरळ, काहीही न खोडलेला. सकाळी अकरा वाजता मी वाकून खोलीत शिरले. “बसा,” मावशी म्हणाली. संदर्भसूची, आकृत्या, तक्ते. बटणं मांडली, छत्तीस, आणि छत्तीसच जुळली. पेन्सिल एकेका ओळीवर टेकत खाली उतरली आणि शेवटच्या ओळीवर थांबली. तिनं वर बघितलं नाही. जसं उंदीरवाल्याला विचारलं असेल, जसं त्या स्टुलावरच्या गृहस्थांना आणणाऱ्या बाईंना विचारलं असेल, अगदी त्याच आवाजात विचारलं, “वगळलेलं काही आहे का?”

नाही, म्हणायचं होतं. खरंही होतं ते. एका शब्दाचं काम होतं आणि मी निघाले असते. शिष्यवृत्तीचं अजून एक वर्ष बाकी होतं, आणि त्या वर्षात माझा प्रबंध पुरा होणार होता.

“आहे,” मी म्हटलं. “ह्यात नाही. मागच्यात.”

पेन्सिल थांबलेलीच होती, तशीच राहिली.

“कुंडी फुटली नव्हती,” मी म्हटलं. तिला माहीत होतं, माळ्याला माहीत होतं, सरांना माहीत होतं. तरी पहिल्यांदा तोंडून बाहेर काढताना माझा आवाज फुटला आणि मी रडायला लागले. रडत रडतच चिडलेही तिच्यावर. “तू सही का केलीस? तुला माहीत होतं ना? मग का केलीस सही?”

“लालूच,” मावशी म्हणाली. “तुझी जशी होती तशी माझीपण. पोरीचं भलं होऊ दे म्हटलं. वर फॉर्मच्या आड लपले. तेरा ओळी बरोबर आहेत म्हणे! इतकी वर्षं दुसऱ्यांना हसले आणि स्वतः त्यांच्याही पलीकडची निघाले.” तिनं पेन्सिल खाली ठेवली. “नंतर एक ओळ वाढवली. विचार केला, एक ना एक दिवस तुला विचारावं लागेलच मला. घरी कधी विचारायला जमलं नसतं.”

मी नाक पुसलं. “आता काय?”

“मागच्या पेपरचा कागद निराळा असतो.” तिनं खालचा खण ओढला आणि छापील फॉर्मांच्या गठ्ठ्यातला एक काढला. वर लिहिलं होतं, ‘प्रसिद्ध लेखातील दुरुस्ती’. “एक प्रत जर्नलला, एक शिष्यवृत्तीच्या ऑफिसात, एक तुमच्या सरांना. सर बोंबलतील. शिष्यवृत्ती राहायची नाही, तुला अटी माहीतच आहेत. लिहायचं तर लिही. नाही लिहिलंस तरी आजच्या पेपरवर माझी सही होईल, तो बरोबर आहे.”

तिनं पाण्याचा पेला उचलला आणि माझ्यापासून दूर, कपाटावर नेऊन ठेवला. मग परत येऊन खुर्चीवर बसली.

मी लिहिलं. अठ्ठेचाळीस कुंड्यांपैकी एकतीस क्रमांकाची कुंडी फुटलेली नव्हती. तिच्यातलं रोप खत नसताना सर्वांत उंच वाढलं. आमच्या निष्कर्षाला ते गैरसोयीचं होतं म्हणून ते वगळलं आणि खोटं कारण दिलं. ते धरल्यास खतामुळे फरक पडतो असं म्हणता येत नाही. खाली सत्तेचाळिसांच्या जागी अठ्ठेचाळिसांचा तक्ता, तारा नसलेला. सगळं मिळून अर्धं पान झालं.

मावशीनं तो कागद शेवटून तपासला. पट्टी लावली, बेरजा केल्या, बटणं मोजली. मग, मी बघत असताना, पहिल्यांदाच तिनं मधला मजकूर वाचला, सबंध. लाल-निळी पेन्सिल टेबलावर आडवी पडून होती. तिनं सही केली, सहीखाली स्वतःचं नाव आणि ‘मागील पडताळणीही माझीच’ असं एक वाक्य लिहिलं, आणि कागद माझ्या हातात दिला.

“हे घे, भवाने,” ती म्हणाली. “पहिल्या फेरीत पास झालेला तुझा हा पहिला कागद.”